कुत्रं अचानक लंगडायला लागलं तर? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात बरीच वर्षं कुत्री आहेत आणि गल्लीतल्या चार-पाच कुत्र्यांचं खाणंपिणं पण आमच्याकडंच असतंय, त्यामुळं "दादा आमचं कुत्रं लंगडतंय, काय करू" हा मेसेज सारखा येतो. तेच तेच टाईप करण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. मी डॉक्टर नाही, हे डॉक्टरांकडं जाईपर्यंत घरच्या माणसानं काय बघायचं, काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही एवढ्यासाठी आहे.

१. सकाळपर्यंत बरं होतं, आता अचानक लंगडतंय. पहिल्यांदा काय करू?

पहिल्यांदा त्याचं पळणं थांबवा. पट्टा लावा, जिना बंद, सोफ्यावरनं उड्या बंद, आणि उजेडात आणून बसवा. मग पायाला हात लावायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघा, रक्त आहे का, पाय लोंबतोय का, सूज आहे का, टेकवतोय का पूर्ण वर उचलून धरलाय. यातलं काही भयानक दिसलं तर थेट प्रश्न ५ वर जा. तसं काही नसेल तर पंजा तपासा (प्रश्न ३), कारण अचानक लंगडण्याचं कारण बऱ्याच वेळा पंजातच सापडतं आणि लोक मात्र खांदा नाहीतर गुडघा चोळत बसतात. पंजात काही नाही, जेवतोय, शेपूट हलवतोय, पाय थोडा का होईना टेकवतोय, तर एक दिवस कडक आराम देऊन बघायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी पण तसंच असेल तर दवाखाना.

२. कुठला पाय दुखतोय तेच कळत नाही. कसं ओळखायचं?

सपाट फरशीवर किंवा डांबरी रस्त्यावर पट्टा सैल धरून सावकाश चालवा आणि दुसऱ्याला समोरनं आणि बाजूनं मोबाईलवर शूट करायला सांगा, स्लो मोशन असेल तर उत्तम. पुढचा पाय दुखत असेल तर दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकला की खाली येतं. लोकांना उलटं वाटतं, डोकं खाली गेलं की तोच पाय वाईट, आणि मग चांगलाच पाय दाबत बसतात. मागचा पाय असेल तर डोक्याकडं बघू नका, पाठीमागनं कमरेकडं बघा, दुखऱ्या बाजूची कंबर जास्त वर उचलली जाते. अजून एक, फरशीवर नखांचा आवाज ऐका, टक टक टक मधला एक टक हलका येतो.

३. पंजात नेमकं काय काय बघायचं?

चांगल्या पायापासून सुरुवात करा म्हणजे त्याला पण अंदाज येतो की नुसतं बघणार आहेत, आणि तुम्हाला पण कळतं की नेहमीचा पंजा कसा लागतो. मग दुखऱ्या पायाची नखं एकेक करून हलवून बघा, नख बुडातनं चिरलेलं असेल तर नुसतं बघून कळत नाही, हलवलं की पाय ओढून घेतो. आतल्या बाजूला वर असतं ते जास्तीचं नख विसरू नका, ते गोल वाढून मांसात घुसतं. मग पंजाखालच्या मऊ गाद्या, प्रत्येक गादी अंगठ्यानं हळू दाबायची. मग बोटांच्या मधल्या फटी, केस बाजूला करून, मोबाईलचा टॉर्च लावून. तिथं गोचीड बसते, कुसळ घुसतं, डांबराची गोळी चिकटते, च्युइंग गम पण सापडलंय मला.

आपल्या भागात काय सापडेल ते तुम्ही कुठं राहता त्यावर आहे. गळीत हंगामात शेताकडची कुत्री लंगडत येतात ती उसाच्या बुडख्यांमुळं, तोड झाल्यावर जमिनीतनं वर राहिलेलं बुडखं तिरकं कापलेलं असतं आणि पळताना गादीत शिरतं. पाचटाची कड पण बोटांच्या मधी बारीक चिरते. बांधावर बाभळीचा काटा आणि सराटं. उद्यमनगर नाहीतर शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीच्या आसपास असाल तर लेथवरचा कीस, स्प्रिंगसारखा वळलेला असतो आणि आत गेला की दिसत नाही. रंकाळ्याच्या कडेला आणि मैदानांवर फुटलेल्या बाटल्या. पंचगंगेचा पूर ओसरला की चिखलाखाली काय काय असतं ते तर विचारू नका, २०१९ च्या पुरानंतर आमच्या गल्लीतल्या निम्म्या कुत्र्यांच्या पंजाला काही ना काही झालेलं.

आमच्या चिंगीचं सांगतो. पुढचा डावा पाय टेकवेना. मी सगळं बघितलं, टॉर्च लावला, काहीच नाही. रात्री कोमट पाण्यात पंजा पाच मिनिटं भिजवला, टॉवेलनं पुसला आणि परत बघितलं तर मोठ्या गादीवर तिळापेक्षा लहान एक काळा ठिपका. अंगठा तिथं नेला आणि तिनं माझ्या हाताकडं बघून ओठ चाटले, ओरडली नाही काही नाही. बाभळीच्या काट्याचं टोक होतं, बाहेर काढल्यावर नखाएवढं लांब निघालं. त्यामुळं कोरड्या पंजात काही दिसलं नाही तर भिजवून परत बघा.

४. काटा किंवा काच सापडली. घरी काढू का?

टोक बाहेर दिसत असेल आणि चिमट्यात नीट येत असेल तर काढा, ज्या दिशेनं घुसलंय त्याच दिशेनं उलटं सरळ ओढायचं, हलवायचं नाही. सुईनं उकरू नका, अर्धा काटा आत मोडला की तो पुढं पू करतो. काच खोल असेल, किंवा खिळा-तारेचा तुकडा आरपार गेला असेल तर तसाच ठेवून दवाखाना, कारण काढल्यावर रक्त सुटलं तर घरी थांबवता येत नाही.

काढल्यावर मिठाच्या पाण्यानं धुवा, उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात एक लहान सपाट चमचा मीठ. मग बेटाडीन पाण्यात घालून फिक्क्या चहाच्या रंगाचं करून लावा. हायड्रोजन पेरॉक्साईड रोज ओतू नका, फेस येतो म्हणून साफ होतंय असं वाटतं पण नवीन येणारी कातडी पण जळते. दोन दिवसांनी बोटांच्या मधी लाल गाठ आली, सारखं चाटतंय, तर आत काहीतरी राहिलंय असं समजून दाखवा.

५. घरी वाट न बघता लगेच कधी पळायचं?

पाय लोंबतोय किंवा वेडावाकडा दिसतोय, हाड बाहेर आलंय, पाच-दहा मिनिटं कापड दाबून धरून पण रक्त थांबत नाही, गाडीनं उडवलंय (लंगडणं थोडं असलं तरी, कारण आतनं मार असतो), गच्चीवरनं पडलंय, उठताच येत नाही, पाय गार पडलाय, थोड्या वेळात पाय टम्म सुजलाय, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, यातलं एक जरी असेल तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते, बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदात परत गुलाबी होते. ताप असेल तरी थांबू नका, पण लक्षात ठेवा कुत्र्याचं नॉर्मलच १०१ ते १०२.५ फॅरनहाईट असतं आणि ते गुदद्वारात थर्मामीटर घालून मोजतात, नाक गरम म्हणजे ताप हे खरं नाही.

मोडलेला पाय सरळ करायला जाऊ नका, घरी फळ्या बांधू नका, चुकीची बांधली तर हाडाचं टोक आतनं अजून कापतं. जाड चादरीवर किंवा प्लायवूडवर आडवं ठेवून चारचाकीनं नाहीतर रिक्षानं न्या. टू-व्हीलरवर दोघांच्या मधी कोंबून नेणं हे मात्र करू नका, मी बघितलंय, कुत्रं पूर्ण रस्ताभर थरथरत असतं.

६. घरात दुखायची गोळी आहे, अर्धी देऊ का?

नको. पाव पण नको. सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात जास्त नुकसान पण यातच झालेलं बघितलंय. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक या माणसाच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात आणि किडनी निकामी करतात. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही असतं. पॅरासिटामॉल जास्त झालं तर लिव्हरला आणि रक्ताला धोका, आणि घरात मांजर असेल तर तिच्यासाठी एक गोळी म्हणजे जीवच जायचा. डायक्लोफिनॅकची ताकद कळायची असेल तर एवढंच आठवा, हे औषध दिलेली जनावरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन देशातली गिधाडं किडनी जाऊन संपत आली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद करायला लागलं.

माझ्या मित्राच्या लॅब्रेडॉरला एका मेडिकलवाल्यानं "लहान मुलाला देतो तेवढं चालतंय" म्हणून गोळी दिली. तीन दिवस दिली, लंगडणं थांबलं म्हणून घरचे खुश. चौथ्या दिवशी डांबरासारखी काळी शी आणि उलट्या. सलाईनवर आठ दिवस काढले, वाचला, पण ते आठ दिवस त्या घरात कोण धड जेवलं नाही.

कुत्र्यांना चालणारी पेनकिलर असते, मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन वगैरे, पण ती वजनावर आणि किडनी-लिव्हर बघून डॉक्टर देतात, शेजारच्या कुत्र्याची उरलेली बाटली पण वापरायची नाही. आणि आधी कुठं स्टिरॉईडचं इंजेक्शन झालं असेल तर ते नक्की सांगा, दोन्ही एकत्र झालं की पोट फाटायची वेळ येते. गोळी आधीच देऊन बसला असाल तर लपवू नका, पाकीट घेऊन जा, डॉक्टर रागावले तर रागावू देत.

७. हळद, तेल, बाम, फिनेल यातलं काय लावलेलं चालेल?

बाम आणि दुखायची मलमं अजिबात नाहीत, कुत्रं चाटून पोटात घेणार म्हणजे प्रश्न ६ चीच गोष्ट. हळद वरवरच्या खरचटण्याला लावली तर बिघडत नाही, पण खोल जखमेत हळद-तेल भरलं की वर पिवळा थर बसतो, आत पू होत राहतो आणि डॉक्टरांना जखम दिसत नाही. फिनेल, रॉकेल, पेट्रोल, डिझेल हे जखमेवर ओतायचं म्हणजे जळक्यावर जाळणं आहे. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडल्या की लोक हेच करतात, तळमळतंय बिचारं आणि अळ्या अजून आत जातात. अळ्या दिसल्या की त्याच दिवशी दवाखाना, तिथं औषध मारून चिमट्यानं एकेक काढतात.

८. बर्फानं शेकू का गरम पाण्यानं?

मुका मार, मुरगळा, ताजी सूज असेल तर पहिले दोन-तीन दिवस बर्फ, टॉवेलमध्ये गुंडाळून दहा मिनिटं, दिवसातनं तीन-चार वेळा. गरम शेक ताज्या सुजेवर नको, सूज वाढते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या जुन्या सांधेदुखीला मात्र कोमट शेक बरा वाटतो. पाय काढून घेत असेल तर जबरदस्ती नको.

९. "आराम द्या" म्हणतात, म्हणजे नक्की काय? घरात तर फिरणारच की.

आराम म्हणजे शी-शूसाठी पट्टा लावून बाहेर, पाच मिनिटात परत, बास. घरात पण खोलीचा एक कोपरा अडवून, नाहीतर मोठ्या पिंजऱ्यात, खाली घसरणार नाही असं काहीतरी टाकून. गुळगुळीत फरशी हा मोठा शत्रू आहे, गोणपाट, जुनी सतरंजी काहीही चालेल. बॉल, दुसऱ्या कुत्र्याबरोबर दंगा, दारावर बेल वाजली की पळत जाणं, सगळं बंद. माणसाला आपण सांगू शकतो जपून चाल, कुत्र्याला थोडं बरं वाटलं की ते परत पहिल्यासारखंच पळतंय आणि अर्धवट तुटलेला लिगामेंट (सांधा धरून ठेवणारा बंध) पूर्ण तुटतो. लंगडणं थांबल्यावर पण डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा.

१०. ओरडत नाही, जेवण पण करतोय. म्हणजे दुखत नसेल ना?

दुखतंय. लंगडतंय म्हणजेच दुखतंय, काही थोडे अपवाद सोडले तर. कुत्रं दुखणं लपवतं, फार थोडी कुत्री ओरडतात आणि ती पण एकदम कळ आली तरच. त्याऐवजी हे बघा: ओठ चाटणं, जांभया देणं, एकच जागा चाटत बसणं, धाप लागणं, हात लावू न देणं, नेहमी दारात येणारं कुत्रं जागेवरनंच शेपूट हलवतंय. जेवणाचं म्हणाल तर पाय मोडलेलं कुत्रं पण पांढरा रस्सा समोर आला तर जेवतंय.

११. घरी लंगडतंय, दवाखान्यात गेलं की एकदम नीट चालतंय. डॉक्टरांना वाटतं आम्ही खोटं बोलतोय.

भीतीनं होतंय ते, अनोळखी जागा आणि वास आला की थोडा वेळ दुखणं मागं पडतं. म्हणूनच प्रश्न २ मधला व्हिडिओ काढून न्यायचा. झोपेतनं उठल्या उठल्या जास्त लंगडतंय आणि चालून मोकळं होतंय, का चालल्यावर वाढतंय, हे पण सांगा, त्यावरनं डॉक्टरांना बरंच कळतं. पहिल्या प्रकारात बहुतेक सांध्याचं दुखणं निघतं.

१२. आज पुढचा पाय, चार दिवसांनी मागचा, मग परत दुसराच. असं कसं?

दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एक, पाच महिने ते दीड वर्षाचं मोठ्या जातीचं पिल्लू, त्यातनं जर्मन शेफर्ड, तर वाढत्या हाडांचा एक आजार असतो, पॅनॉस्टायटिस म्हणतात, पाय बदलत बदलत दुखतो आणि वय वाढल्यावर आपोआप जातो. त्रासाच्या दिवसात औषध मात्र लागतं.

दुसरी, आणि आपल्याकडं कायम दिसणारी, गोचीड ताप. गोचिडीतनं जंतू रक्तात जातात, सांधे धरतात, ताप येतो, जेवण सुटतं, कधी नाकातनं रक्त येतं, हिरड्या फिक्या पडतात. गोचीड आता अंगावर नाही म्हणून निवांत राहू नका, चावून कधीच गळून पडलेली असते. रक्ताची तपासणी करा, त्यात प्लेटलेट्स बघायला सांगा. डॉक्सीसायक्लिनचा कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो आणि आठव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं की लोक गोळ्या बंद करतात. करू नका, परत उलटतो आणि तेव्हा जास्त वाईट असतो.

१३. आमचं पॉमेरेनियन चालता चालता दोन-तीन पावलं एक पाय वर धरून उड्या मारतं आणि परत नीट चालतं. खेळतंय का?

खेळत नाही, गुडघ्याची वाटी सरकतीये. लहान जातीत फार कॉमन आहे. वाटी बाजूला गेली की पाय आखडतो, परत जागेवर आली की काही झालंच नाही. याच्या चार ग्रेड असतात, पहिलीला वजन आटोक्यात ठेवून आणि उड्या कमी करून बऱ्याच जणांचं आयुष्य नीट जातं, तिसरी-चौथीला ऑपरेशनचा विषय निघतो. ग्रेड डॉक्टर हातानंच बघून सांगतात.

१४. बॉलमागं पळताना एकदम मागचा पाय उचलला, आता नुसतं बोटाचं टोक टेकवतंय. लॅब्रेडॉर आहे, सहा वर्षांचा.

गुडघ्यातला लिगामेंट तुटल्याचं हे अगदी ठरलेलं चित्र आहे, वजन जास्त असेल तर अजूनच. बसताना तो पाय आत न घेता बाजूला पसरून बसतो, ते पण बघा. आठवड्याभरात थोडं बरं वाटतं आणि लोक विषय सोडतात, पण सांधा आतल्या आत घासत राहतो आणि दोन-तीन महिन्यात मांडी बारीक दिसायला लागते. एक्सरेत लिगामेंट दिसत नाही, डॉक्टर गुडघा पुढंमागं सरकवून बघतात, कधी त्यासाठी थोडी भूल द्यायला लागते, घाबरू नका. मोठ्या कुत्र्याला शक्यतो ऑपरेशनच लागतं. गावात ती सोय नसेल तर आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन पुण्याच्या वाटेवर शिरवळचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, नाहीतर पुणे-मुंबई. बऱ्याच कुत्र्यांचा पुढं दुसरा गुडघा पण जातो, म्हणून वजन आजपासनंच कमी करा.

१५. पिल्लू तीन महिन्यांचं आहे, पाय वाकडे पडायला लागलेत आणि लंगडतंय. कॅल्शियम सुरू करू?

आधी मला सांगा खातंय काय. आपल्या कोल्हापुरात लाडानं पिल्लाला नुसतं मटण-चिकन घालायची पद्धत आहे, दुसरीकडं नुसती दूध-भाकरी. नुसत्या मांसात कॅल्शियम अगदी कमी आणि फॉस्फरस भरपूर, मग शरीर हाडातलं कॅल्शियम काढून वापरतं आणि हाडं इतकी पातळ होतात की सोफ्यावरनं उडी मारली तरी मोडतात. दूध-भाकरीवर पण पिल्लाच्या वाढीला पुरेसं मिळत नाही. तिथं उपाय पिल्लांचं नीट तयार फूड, नाहीतर डॉक्टरांनी आखून दिलेलं घरचं जेवण.

पण चांगलं पपी फूड चालू असताना वरनं कॅल्शियमचं सिरप ओतलं तर तेही नुकसान, मोठ्या जातीच्या पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम आत घेणं थांबवता येत नाही आणि हाडं-सांधे वेडेवाकडे वाढतात. ग्रेट डेन, शेफर्ड, रॉटवायलरवाल्यांनी हे दोनदा वाचा. आणि पिल्लू पडल्यावर लंगडत असेल तर एक्सरे काढाच, हाडांची टोकं अजून वाढायची असतात, तिथं मार बसला तर पुढं पाय आखूड राहतो.

१६. गावातल्या हाडवैद्याकडं नेलं तर? माणसांची हाडं बसवतात की.

मला त्या लोकांबद्दल आदर आहे, पण कुत्र्याला नका नेऊ. एक तर एक्सरे नसतो, दुसरं म्हणजे भूल न देता ओढून पाय बसवायचा म्हणजे काय यातना होतात विचार करा, आणि तिसरं, घट्ट बांधलेल्या पट्टीनं रक्त तटतं. एका गावातनं पट्टी सोडवायला आलेलं कुत्रं मी बघितलंय, बोटं काळी पडलेली. खुबा निखळलेला असेल तर तो बसतो, पण भूल देऊन आणि पहिल्या एक-दोन दिवसातच, नंतर अवघड होतं.

१७. पट्टी बांधून आणलीये, घरी काय बघायचं?

मधली दोन बोटं पट्टीतनं बाहेर दिसली पाहिजेत. रोज सकाळ-संध्याकाळ बघा, दोन्ही बोटं जवळ जवळ आहेत आणि गरम आहेत तर ठीक, फाकली, सुजली, गार पडली किंवा पट्टीतनं वास यायला लागला तर त्याच दिवशी सोडवायला न्या. पावसात बाहेर जाताना दुधाची रिकामी पिशवी वरनं बांधा आणि घरात आलं की लगेच काढा. चावत असेल तर गळ्यात कोन घालायचाच, दोन दिवस रुसतंय मग सवय होते.

१८. उन्हाळ्यात दुपारी फिरवून आणलं आणि चारी पाय उचलून उचलून टाकतंय.

भाजलेत. एप्रिल-मेमध्ये डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा, तुम्हाला ठेवता आली नाही तर त्याला पण चालवू नका. गार पाण्यात पंजे धरा, बर्फ नको, फोड आले किंवा गादीची साल निघाली तर दवाखाना. सकाळी लवकर नाहीतर अंधार पडल्यावर फिरवा. पावसाळ्यात उलटं, पाय कायम ओले राहून बोटांच्या मधी लाल होतं आणि चाटून चाटून लंगडतं, त्यामुळं फिरून आलं की फटी कोरड्या करा.

१९. आमचं कारवानी (सडपातळ शिकारी जातीचं कुत्रं) आहे, शर्यतीला पळवतो. शर्यत झाल्यावर लंगडतंय, पुढच्या रविवारी परत यात्रेत आहे.

पुढच्या रविवारी नको. एवढं मनापासून सांगतो. या कुत्र्याच्या अंगावर चरबी नसते, कातडी पातळ, आणि वळणावर सगळा भार पुढच्या पायाच्या बोटांवर आणि मनगटावर येतो, तिथं बारीक चीर असेल तर पळताना पूर्ण मोडतं. पेनकिलरचं इंजेक्शन मारून पळवणारे आहेत, त्यानं दुखणं कळत नाही आणि कुत्रं जीव तोडून पळतंय. दवाखान्यात भूल द्यायची वेळ आली तर हे कारवानी आहे असं डॉक्टरांना आवर्जून सांगा, या अंगाच्या कुत्र्यांना काही भुलीची औषधं लवकर उतरत नाहीत.

२०. लंगडणं नाही, मागचे दोन्ही पायच ओढतंय. हे पण त्यातलंच का?

हे वेगळं आणि जास्त गंभीर आहे. डॅशंड, पग असेल तर मणक्यातली चकती सरकलेली असू शकते, त्यात तास महत्त्वाचे असतात, आडवं उचलून लगेच न्या. शेतातलं असेल तर साप, उसात घोणस असते, चावलेल्या जागी झपाट्यानं सूज येते, रक्त गळतं. मण्यार असेल तर सूज जवळपास नसतेच, नाग असेल तर सूज येते, पण दोन्हीत पाय लुळे पडतात. दोरी बांधणं, चिरा देणं काही करू नका, माणसाला देतात तेच सापाचं इंजेक्शन कुत्र्याला चालतं, आधी फोन करून कुठं आहे ते विचारा आणि मगच निघा.

आणि लस न झालेलं कुत्रं, पाय लटपटतायत, लाळ गळतीये, आवाज बदललाय, पाणी गिळता येत नाही, तर रेबीजची शंका धरा. घशात हाड अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका. लांब राहा, पोरांना लांब ठेवा, डॉक्टरांना बोलवा.

२१. गल्लीतलं भटकं कुत्रं तीन पायावर चालतंय. हात कसा लावू?

लंगडणारं कुत्रं किती का ओळखीचं असेना, दुखलं की चावतं, त्यात त्याचा दोष नाही. एकटे जाऊ नका. खायला देत देत जवळ आणा, वरनं डोक्यावर हात न आणता बाजूनं बसा. तोंड बांधायला ओढणी किंवा गॉज पट्टी, जबड्यावर एक फास, खालनं फिरवून कानाच्या मागं गाठ, पण उलटी करत असेल किंवा श्वास लागला असेल तर तोंड बांधायचं नाही. जमत नसेल तर लांबनं व्हिडिओ काढा आणि प्राणी वाचवणाऱ्या पोरांना पाठवा, कोल्हापुरात अशी मंडळी आहेत आणि ती रात्री पण येतात.

चावलंच तर पंधरा मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्यात धुवा आणि सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात किंवा जवळच्या दुसऱ्या सरकारी दवाखान्यात जा. कातडीतली लस असेल तर ०, ३, ७, २८ या दिवशी, रक्त आलं असेल तर सोबत सिरम (रेबीजविरुद्धचं तयार प्रतिद्रव्याचं इंजेक्शन) पण लागतं. हळद-तिखट लावू नका, "पाळलेलं आहे, काय होत नाही" हे पण नको.

२२. कुत्रं बारा वर्षांचं आहे, थोडं लंगडतंय, वयानं असेल ना?

असेल, पण वय हा काय आजार नाही. सांधे झिजलेले असतील तर गोळ्या, वजन, कोमट शेक, जिन्याला उतरती फळी याच्यानं त्याचे दिवस खूप सुखाचे जातात. पण मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या एकाच पायावर, मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ कडक सूज आली आणि लंगडणं दर आठवड्याला वाढतंय, तर हाडाचा कॅन्सर पण असतो. एक्सरे लांबवू नका.

२३. डॉक्टर म्हणालेत पाय कापावा लागेल. तीन पायावर कसं जगणार ते?

हा मेसेज बहुतेक रात्री उशिरा येतो आणि लिहिणारा माणूस रडत असतो, म्हणून नीट सांगतो. दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या, पण पाय खरंच वाचत नसेल तर भिऊन महिना काढू नका, तो महिना कुत्रं दुखण्यात काढतं. बाकीचे तीन पाय चांगले आणि वजन बेताचं असेल तर बहुतेक कुत्री काही दिवसातच उठून चालायला लागतात. पहिल्यांदा वळताना पडतात, फरशीवर घसरतात, प्रश्न ९ मधली सतरंजी इथं पण लागते. पुढचा पाय गेला तर थोडं जास्त अवघड, कारण कुत्र्याचा जास्त भार पुढं असतो.

आमच्या गल्लीत राणी आहे, एसटीखाली मागचा उजवा पाय गेला. ऑपरेशन झाल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या आईनं अंगणात भाकरी टाकली आणि राणी उठली, एकदा कलंडली, परत उठली, भाकरी तोंडात धरली आणि नेहमीसारखी गाडीखाली जाऊन बसली. आता रोज सकाळी दूधवाल्याच्या मागं चौकापर्यंत पळते.